उपकरण ‘व्यग्र’ आहे, बिघडलेले नाही!

दूरध्वनीवरचे दोन संदेश सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘आपण लावलेला क्रमांक व्यग्र आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हा एक. आणि ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ हा दुसरा. पहिला ऐकून कोणी त्या माणसाचे नाव वहीतून खोडून टाकत नाही आणि दुसरा ऐकून कोणी दिवसभर तोच क्रमांक फिरवीत बसत नाही. माणसाला सहज उमगणारा हा भेद संगणकाला मात्र शिकवावा लागतो.

हार्ड डिस्क, टेप, पेनड्राइव्ह, डेटा सेंटरमधील शेकडो डिस्कचे संच ही माहिती साठवणारी सारी उपकरणे अधूनमधून ‘आता नाही, थोड्या वेळाने’ असे उत्तर देत असतात. ते उत्तर यशाचे नसते, तसेच अपयशाचेही नसते. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर दोन प्रकारचे अनर्थ ओढवतात. सॉफ्टवेअर उतावीळ असेल, तर ते धडधाकट डिस्कला मृत ठरवून संचाबाहेर काढते आणि माहिती धोक्यात येते. ते अतिसोशिक असेल, तर खरोखरच निकामी झालेल्या डिस्कच्या उत्तराची वाट पाहत सारी यंत्रणा ताटकळते. या दोन टोकांच्या मध्ये मोजूनमापून थांबण्याची जी रीत आहे, तिच्यावर बँकेची खातेवही आणि रुग्णालयाच्या नोंदी अवलंबून असतात. या रीतीचा हा परिचय.

एक खुलासा शब्दाबद्दल. ‘बिझी’ या अर्थी हल्ली ‘व्यस्त’ हा शब्द सर्रास योजला जातो. मराठी गणितात मात्र व्यस्त म्हणजे उलट. जसे व्यस्त प्रमाण. म्हणून येथे ‘व्यग्र’ हा शब्द वापरला आहे.

व्यग्रतेची कारणे

सर्वांत साधे कारण उपकरण सुरू होण्याचे. वीज मिळताक्षणी हार्ड डिस्क कामाला लागत नाही. तिच्या तबकड्यांना मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांचा ठरलेला वेग गाठावा लागतो, वाचन-लेखन करणारे हेड जागेवर यावे लागते आणि डिस्कच्या आतील नियंत्रकाला स्वतःची तपासणी पुरी करावी लागते. याला काही सेकंद लागतात. मोठ्या संचातील सर्व डिस्क एकदम सुरू केल्यास वीजपुरवठ्यावर ताण येतो, म्हणून त्या मुद्दाम टप्प्याटप्प्याने सुरू केल्या जातात. शेवटच्या डिस्कची पाळी येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. वीज वाचवण्यासाठी झोपवलेली डिस्क जागी होतानाही असाच विलंब लागतो.

दुसरे कारण वाचनातील अडथळ्याचे. तबकडीचा एखादा भाग नीट वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. हेड किंचित सरकवून, संकेत वेगळ्या रीतीने तपासून ती त्याच जागी पुनःपुन्हा प्रयत्न करते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. म्हणजे ३० सेकंदांत ३,६०० फेऱ्या. इतक्या वेळा प्रयत्न करणारी डिस्क बाहेरून पाहणाऱ्याला केवळ मूक झालेली दिसते.

फिरते भाग नसलेल्या एसएसडीलाही व्यग्रता चुकलेली नाही. फ्लॅश स्मृतीत लेखन लहान पानांवर होते, पण पुसण्याचे काम अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्यानेच करावे लागते. त्यामुळे कामाची पाने एकीकडे हलवून, निरुपयोगी पानांचा गठ्ठा पुसून, नवी जागा मोकळी करण्याचे घरकाम आत सतत चालू असते. लेखनाचा मारा अधिक झाला, की हे घरकाम मागे पडते आणि नव्या आज्ञांना थांबावे लागते.

याखेरीज टेप गुंडाळली जात असते. दोन नियंत्रक असलेल्या डिस्क-संचात एक बंद पडून दुसरा कारभार हाती घेत असतो. अनेक सर्व्हरच्या आज्ञा एकाच वेळी येऊन संचाची रांग भरलेली असते. या सर्व प्रसंगांत उपकरण सुस्थितीत असते. फक्त त्या क्षणी ते नवे काम घेऊ शकत नाही.

उपकरणाची सांकेतिक भाषा

‘मी कामात आहे’ हे सांगण्याची सोय उपकरणांच्या भाषेत आरंभापासून आहे. वैयक्तिक संगणकांत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या, आणि १९९४ मध्ये अमेरिकी मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या, एटीए पद्धतीत डिस्कच्या स्थिती-नोंदीत आठ बिट असतात. त्यांतील सर्वांत वरचा बिट व्यग्रतेचा. तो १ असेपर्यंत त्याच नोंदीतील उरलेल्या बिटांवर विश्वास ठेवायचा नाही, असा दंडक आहे. म्हणजे उपकरण व्यग्र असताना त्याच्या तब्येतीविषयी काही निष्कर्षच काढायचा नसतो.

सर्व्हर आणि मोठ्या डिस्क-संचांच्या दुनियेत ‘स्कझी’ ही भाषा चालते. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या ‘सासी’ पद्धतीतून ती विकसित झाली आणि १९८६ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. तारा बदलल्या, प्रकाशतंतू आले, इंटरनेटच्या जाळ्यावरूनही डिस्क जोडल्या जाऊ लागल्या. आज्ञांची भाषा मात्र बरीचशी तीच राहिली. या भाषेत प्रत्येक आज्ञेच्या शेवटी उपकरण एक स्थिती-संकेत देते. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास ०० म्हणजे ‘काम फत्ते’, ०८ म्हणजे ‘मी व्यग्र आहे’, २८ म्हणजे ‘माझी रांग भरली आहे’, १८ म्हणजे ‘हे उपकरण दुसऱ्याने राखून ठेवले आहे’ आणि ०२ म्हणजे ‘काही सांगायचे आहे, तपशील पाहा’.

या शेवटच्या संकेतामागील तपशीलही महत्त्वाचा असतो. ‘तयार नाही’ या एकाच सदराखाली ‘तयार होत आहे, थांबा’ आणि ‘सुरू करण्याची आज्ञा द्यावी लागेल’ अशी निरनिराळी उत्तरे असतात. पहिल्यात वाट पाहणे हाच उपाय. दुसऱ्यात कितीही वाट पाहिली तरी काही घडणार नाही, आज्ञाच दिली पाहिजे. सदर पाहून निर्णय घेणारे आणि तपशील न वाचणारे सॉफ्टवेअर येथेच फसते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या नकारांमागील कारण ओळखणे ही व्यग्र उपकरण हाताळण्याची पहिली पायरी होय.

काम नाकारले, की उत्तरच आले नाही?

दुसरी पायरी अधिक नाजूक आहे. उपकरणाने ‘व्यग्र’ असे उत्तर दिले, तर आज्ञा स्वीकारलीच गेली नाही, हे निश्चित असते. ती पुन्हा पाठवण्यात धोका नाही. परंतु आज्ञा गेली आणि ठरलेल्या मुदतीत उत्तरच आले नाही, तर काय समजायचे? काम झालेच नसेल, अर्धवट झाले असेल किंवा पुरे होऊनही केवळ उत्तर वाटेत हरवले असेल. बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही शक्यता सारख्याच दिसतात.

डिस्कच्या बाबतीत हा गुंता बराचसा सुसह्य असतो. ‘अमुक क्रमांकाच्या जागी अमुक मजकूर लिही’ ही आज्ञा दोनदा पार पडली, तरी त्या जागी तोच मजकूर राहतो. टेपचे तसे नाही. टेपवर मजकूर एकापुढे एक लिहिला जातो. पहिली आज्ञा प्रत्यक्षात पार पडली असताना ती पुन्हा पाठवली, तर तोच मजकूर दोनदा लिहिला जाईल आणि पुढचे सारे हिशेब चुकतील. म्हणूनच मुदत टळल्यावर डिस्कचा ड्रायव्हर आज्ञा पुन्हा पाठवतो, पण टेपचा ड्रायव्हर सहसा आपणहून तसे करत नाही. तो वरच्या सॉफ्टवेअरला अडचण कळवतो. टेप नेमकी कोठे आहे हे तपासून पुढचा निर्णय तेथे घेतला जातो.

थांबावे कसे आणि किती?

उपकरण व्यग्र आहे हे कळले. आता पुन्हा केव्हा विचारायचे? क्षणाचीही उसंत न देता विचारीत राहणे सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक. प्रत्येक प्रश्नाला ‘व्यग्र आहे’ असे उत्तर देण्यासाठीही उपकरणाला वेळ खर्चावा लागतो. शंभर सर्व्हर असा तगादा लावू लागले, तर उपकरण मूळ काम सोडून नकार देण्यातच गुंतून पडते.

यावरचा उपाय साठवणुकीच्या नव्हे, तर संदेशवहनाच्या क्षेत्रात सापडला. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अलोहा’ या रेडिओ जाळ्यात दोन संगणक एकदम बोलू लागले, की दोघांचेही संदेश वाया जात. तेव्हा प्रत्येकाने स्वैरपणे निवडलेला वेगवेगळा काळ थांबून पुन्हा बोलावे, अशी युक्ती योजण्यात आली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट विकसित करताना तिला आणखी धार दिली. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करायची. पुढे इथरनेटच्या मानकात ही दुप्पट दहा पायऱ्यांपर्यंत वाढते आणि सोळा प्रयत्नांनंतर हार मानली जाते, असा नियम स्थिरावला.

साठवण-सॉफ्टवेअरमध्येही हे तत्त्व उपयोगी पडते. पहिल्यांदा दहा मिलिसेकंद थांबायचे, मग वीस, मग चाळीस. व्यग्रता क्षणिक असेल, तर काम लगेच होते. दीर्घ असेल, तर उपकरणाला श्वास घ्यायला अवधी मिळतो. त्यातील स्वैरतेचा भाग तितकाच आवश्यक असतो. शंभर सर्व्हरना एकाच क्षणी नकार मिळाला आणि सर्वांनी नेमके एकेक सेकंद थांबायचे ठरवले, तर सेकंदानंतर शंभरही जण पुन्हा एकदम दारात उभे राहतील. प्रत्येकाच्या थांबण्यात थोडा फरक असला, म्हणजे गर्दी आपोआप विखुरते.

याहून उत्तम म्हणजे ‘किती वेळाने या’ हे उपकरणानेच सांगणे. स्कझीच्या अलीकडच्या मानकांत ‘व्यग्र’ आणि ‘रांग भरली’ या उत्तरांसोबत किती दशांश सेकंद थांबावे, हेही कळवण्याची तरतूद आहे. एसएसडीसाठी २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई पद्धतीत, २०१९ च्या १.४ या आवृत्तीपासून, फेरप्रयत्नापूर्वी थांबण्याचे तीन कालावधी उपकरण आधीच जाहीर करू शकते आणि आज्ञा नाकारताना त्यांपैकी कोणता लागू ते सांगते. त्याच भाषेत ‘पुन्हा प्रयत्न करू नका’ असे बजावणारा एक स्वतंत्र बिटही आहे. स्पष्ट ‘थांबा’ आणि स्पष्ट ‘नाही’ यांमुळे सॉफ्टवेअरची अटकळबाजी पुष्कळच कमी होते.

या संदर्भात एनएफएस या जाळ्यावरील फाइल-व्यवस्थेतील एक संकेत लक्षणीय आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ज्यूकबॉक्स’ नावाचा त्रुटी-संकेत घालण्यात आला. नाणे टाकल्यावर तबकड्यांच्या चळतीतून हवी ती तबकडी उचलून वाजवणाऱ्या यंत्राला ज्यूकबॉक्स म्हणत. मोठ्या संग्रहांत फाइल कपाटातील टेपवर किंवा प्रकाशीय तबकडीवर असे. यांत्रिक हात ती आणून वाचकयंत्रात बसवीपर्यंत वेळ लागे. तेवढ्यात कालमर्यादा संपून फाइल मागणाऱ्याला ‘मिळाली नाही’ असा चुकीचा निरोप जाऊ नये, म्हणून सर्व्हर सांगे : मागणी पोहोचली, आणायला माणूस गेला आहे, जरा वेळाने नव्याने विचारा. लिनक्समध्ये हा संकेत मिळाल्यावर पाच सेकंद थांबून पुन्हा विचारले जाते. चौथ्या आवृत्तीत याच संकेताला ‘विलंब’ असे साधे नाव मिळाले. क्रमांक मात्र १०००८ हाच राहिला.

रांग भरली, तर आज्ञा आवरा

‘व्यग्र आहे’ आणि ‘रांग भरली’ ही उत्तरे सख्खी भावंडे असली, तरी त्यांवरचे उपाय वेगळे. साटा पद्धतीच्या डिस्कला एका वेळी ३२ आज्ञा रांगेत ठेवता येतात. मोठ्या डिस्क-संचाची रांग कितीतरी लांब असते, पण ती अनेक सर्व्हर मिळून वापरतात. समजा, वीस सर्व्हर आहेत, प्रत्येकाला त्या संचातील दहा आभासी डिस्क दिल्या आहेत आणि प्रत्येक डिस्कसाठी ३२ आज्ञा पाठवण्याची मुभा आहे. सर्वांनी आपापली मुभा वापरायची ठरवली, तर ६,४०० आज्ञा एकाच दारावर येऊन थडकतील. प्रत्येक सर्व्हर आपल्या परीने नियमातच वागत असतो. गर्दीची कल्पना फक्त दाराला असते.

येथे नुसते थांबून पुन्हा तितक्याच आज्ञा पाठवणे निरर्थक ठरते. एका वेळी पाठवायच्या आज्ञांची संख्याच कमी करावी लागते. व्हीएमवेअरच्या आभासीकरण-सॉफ्टवेअरमध्ये अशी एक सोय आहे. ‘रांग भरली’ किंवा ‘व्यग्र’ अशी उत्तरे ठरावीक प्रमाणात आली, की रांगेची लांबी निम्मी केली जाते आणि उत्तरे सुधारल्यावर ती हळूहळू पूर्ववत वाढवली जाते. लिनक्सचा स्कझी विभागही नकार मिळाल्यावर रांग आखडतो आणि काही काळ नकार न आल्यास एकेक पायरी वाढवतो. कमी करताना झपाट्याने आणि वाढवताना जपून, हे सूत्र दोन्हीकडे सारखे आहे.

उतावीळपणाची किंमत

आता हे न पाळल्यास काय होते, ते पाहू. लिनक्समध्ये डिस्कच्या एका आज्ञेसाठी सर्वसाधारणपणे ३० सेकंदांची मुदत असते. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत ती सहसा ६० सेकंदांची. मुदत टळली, की सॉफ्टवेअर एक शिडी चढू लागते. आधी ती आज्ञा रद्द करून पाहायची. जमले नाही, तर ते उपकरण रीसेट करायचे. तरीही नाही, तर ज्या तारेवर ते आहे ती सारी वाहिनी आणि शेवटी नियंत्रक कार्डच रीसेट करायचे. एवढ्यानेही उपकरण ताळ्यावर आले नाही, तर त्याला ‘ऑफलाइन’ घोषित करायचे. शिडीच्या प्रत्येक वरच्या पायरीवर निरपराध शेजाऱ्यांचीही चालू कामे मोडतात. एका डिस्कची क्षणिक व्यग्रता अशा रीतीने सर्वांची अडचण होऊन बसते.

खरा धोका ‘रेड’ पद्धतीच्या संचांत असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये शोधनिबंधातून मांडलेली ही कल्पना आज घरगुती साठवण-पेट्यांपासून डेटा सेंटरपर्यंत पोहोचली आहे. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क गेली, तरी उरलेल्यांवरील माहितीतून तिची माहिती पुन्हा सिद्ध करता येते. दुसरीही गेली, तर मात्र सारा संच हातचा जातो.

घरगुती संगणकासाठी बनवलेली डिस्क बिघडलेला भाग वाचण्याचा प्रयत्न दीर्घकाळ, कधी मिनिटभर वा त्याहूनही अधिक वेळ करीत राहते. एकुलत्या एक डिस्कच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. माहितीची दुसरी प्रत कोठेही नसते. परंतु तीच डिस्क रेड संचात बसवली, की नियंत्रकाला हा मूकपणा मृत्यू वाटतो आणि तो तिला बाहेर काढतो. नवी डिस्क बसवून माहिती पुन्हा उभी करताना उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचावा लागतो. अशा वेळी एरवी कधी न वाचलेला एखादा कमकुवत भाग दुसऱ्या डिस्कवर सापडतो, तीही चिवटपणे प्रयत्न करीत मूक होते आणि तीही बाहेर काढली जाते. दोन्ही डिस्कवरील जवळजवळ सर्व माहिती शाबूत असताना संच मोडतो.

म्हणूनच संचांसाठीच्या डिस्कमध्ये या प्रयत्नांना आवर घातलेला असतो. साधारण ७ सेकंदांत भाग वाचता आला नाही, तर डिस्क स्पष्टपणे ‘हा भाग वाचता येत नाही’ असे सांगते; नियंत्रक तो भाग इतर डिस्कवरून सिद्ध करून घेतो आणि काम पुढे चालू राहते. वेस्टर्न डिजिटल कंपनीने या सोयीला ‘टीएलईआर’ असे नाव दिले. इतर उत्पादकांची नावे वेगळी, तत्त्व एकच. लवकर दिलेले प्रामाणिक ‘नाही’ हे लांबलेल्या मौनापेक्षा बरे.

या तत्त्वाची कसोटी २०२० मध्ये पुन्हा लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ या मालिकेतील, साठवण-पेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये एसएमआर हे तंत्र वापरले असल्याचे उघड झाले. या तंत्रात घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे माहितीचे पट्टे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधला एक पट्टा बदलायचा, तर त्याच्या शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क नवे लेखन आधी एका राखीव भागात घेते आणि सवडीने योग्य जागी हलवते. संचात नवी डिस्क बसवून माहिती पुन्हा उभी करताना मात्र लेखनाचा ओघ अखंड असतो. सवड मिळतच नाही. राखीव भाग भरला, की डिस्क दीर्घकाळ व्यग्र होते. काही वापरकर्त्यांच्या संचांनी अशा कोऱ्या करकरीत डिस्कना सदोष ठरवून बाहेर काढले. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने मालिकेची फेरमांडणी करून पारंपरिक तंत्राच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले.

अतिसंयमाची किंमत

यावरून मुदती सरसकट वाढवाव्यात, असा निष्कर्ष निघत नाही. संगणकात सॉफ्टवेअरचे थर एकावर एक असतात आणि प्रत्येक थर आपापल्या परीने फेरप्रयत्न करतो. समजा, खालचा ड्रायव्हर ३० सेकंदांच्या मुदतीने एक मूळ आणि पाच फेरप्रयत्न करतो. म्हणजे १८० सेकंद. त्याच्या वरचा थर डिस्ककडे जाणारे चार मार्ग एकामागून एक आजमावतो. म्हणजे १२ मिनिटे. त्याच्याही वर डेटाबेसने तीनदा प्रयत्न करायचे ठरवले, तर खिडकीवरच्या माणसाला ‘होत नाही’ हे कळायला ३६ मिनिटे लागतील. प्रत्येक थराचा संयम स्वतंत्रपणे रास्त असतो. गुणाकार मात्र असह्य होतो.

तेव्हा मुदतींची उतरंड जुळलेली असली पाहिजे. सर्वांत कमी मुदत डिस्कची, तिच्याहून अधिक नियंत्रकाची, त्याहून अधिक ऑपरेटिंग सिस्टीमची आणि सर्वांत अधिक वरच्या सॉफ्टवेअरची. खालच्या थराने आपला निकाल दिल्याखेरीज वरच्या थराने उठून जाऊ नये, एवढाच याचा मथितार्थ. आभासी यंत्रांच्या डिस्कसाठी १८० सेकंदांची मुदत ठेवण्याचा प्रघात याच हिशेबातून आला आहे. खालचा संच एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत वरच्या यंत्रांनी धीर धरावा, हा त्यामागील हेतू.

‘व्यग्र’चे आणखी दोन अर्थ

दोन प्रसंग व्यग्रतेसारखे दिसतात, पण तसे नसतात. पहिला, वर उल्लेखिलेला ‘राखून ठेवले आहे’ हा संकेत. दोन सर्व्हर एकच डिस्क वापरत असतील, तर एका वेळी एकानेच लिहावे म्हणून ती राखून ठेवता येते. हा नकार मिळालेल्याने पुनःपुन्हा दार ठोठावायचे नसते आणि कुलूप तर मुळीच तोडायचे नसते. दोघांनी एकाच जागी लिहिले, तर डिस्क सुस्थितीत राहील, पण तिच्यावरील माहिती विस्कटेल.

दुसरा प्रसंग रोजच्या वापरातला. पेनड्राइव्ह काढू पाहताना ‘हे उपकरण वापरात आहे’ असा इशारा येतो. युनिक्स आणि लिनक्समध्ये याच अर्थाचा १६ क्रमांकाचा त्रुटी-संकेत आहे. येथे उपकरण व्यग्र नसते. एखाद्या प्रोग्रॅमने त्यावरील फाइल उघडी ठेवलेली असते. नुसते थांबून उपयोग नाही. कोणी धरून ठेवले आहे ते शोधून तो प्रोग्रॅम बंद करावा लागतो. लिनक्समध्ये त्यासाठी ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्यूझर’ या आज्ञा आहेत. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पेनड्राइव्ह उपसला, तर स्मृतीत असलेला आणि अजून लिहिला न गेलेला मजकूर गमावण्याची शक्यता असते.

तपासणी आणि काही सूचना

व्यग्रता ही मुद्दाम घडवून आणायला कठीण असल्याने सॉफ्टवेअरमधील हा भाग पुष्कळदा तपासलाच जात नाही. लिनक्समधील ‘स्कझी-डीबग’ हा भाग यासाठी उपयोगी आहे. तो स्मृतीतच एक खोटी डिस्क उभी करतो आणि तिला अधूनमधून ‘रांग भरली’ असे उत्तर देण्यास किंवा गप्प बसण्यास सांगता येते. मुद्दाम विलंब लावणारी ‘डीएम-डिले’ ही सोयही आहे. साठवण-सॉफ्टवेअरचे बरेच काम पुण्यातील कंपन्यांत चालते. या क्षेत्रात येणाऱ्या तरुण अभियंत्यांनी उपकरण नकार देत असताना आपला प्रोग्रॅम कसा वागतो, हे या साधनांनी आवर्जून पाहावे.

घरी किंवा छोट्या कार्यालयात साठवण-पेटी वापरणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. संचासाठी डिस्क घेताना ती संचात वापरण्यायोग्य आहे ना आणि तिच्यात एसएमआर तंत्र आहे का, हे आधी विचारावे. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाने डिस्कची त्रुटी-निवारणाची मुदत पाहता येते आणि डिस्कने मुभा दिल्यास ७ सेकंदांवर आणता येते. अनेक डिस्क वीज गेल्यावर ही मुदत विसरतात, म्हणून संगणक सुरू होताना ती दरवेळी घालावी. डिस्कमध्ये ही सोयच नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर नेणे, हा दुसरा मार्ग.

लॉगमध्ये ‘व्यग्र’ची एखादी नोंद दिसली म्हणून घाबरू नये. तीच नोंद रोज ठरावीक वेळी दिसत असेल, तर बहुधा बॅकअपचे वा अन्य कामाचे ओझे त्या वेळी एकवटत असते; ते विभागून द्यावे. नोंदी दिवसेंदिवस वाढत असतील आणि सोबत वाचनाच्या त्रुटीही दिसत असतील, तर डिस्क बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. संचाने एखादी डिस्क बाहेर काढली, तर घाईने दुसरीला हात लावण्यापूर्वी उरलेल्या माहितीची प्रत काढून घ्यावी. संच कितीही भक्कम असला, तरी तो बॅकअपची जागा घेत नाही.

डिस्क-संचाच्या जाहिरातींत वेग आणि क्षमता यांचे आकडे ठळकपणे छापले जातात. नकार मिळाल्यावर त्याचे सॉफ्टवेअर किती वेळ थांबते, कसे थांबते आणि केव्हा उठते, याचा उल्लेख तेथे नसतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याला तेवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.